फॅलोचं ऑपरेशन होऊनही उजवी जवनिका मोठी का होते, आणि नवी झडप कधी बसवायची?

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे. ती १४ महिन्यांची असताना तिचं टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर 'ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच' असं लिहिलंय. तिला काहीच त्रास नव्हता म्हणून मधली सहा वर्षं आम्ही इको केला नाही. आता केला तर रिपोर्ट असा आला: 'आरए-आरव्ही डायलेटेड, सिव्हिअर फ्री पीआर, टॅप्सी १५ मिमी, आरव्हीएसपी ३२'. डॉक्टर म्हणतात एमआरआय करा, पुढे कधीतरी झडप बसवावी लागेल. ती शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. उंची १५२ सेंमी, वजन ४१ किलो. तेव्हाचं ऑपरेशन चुकलं होतं का? आता घाई करायची का?

उत्तर:

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. ऑपरेशन चुकलेलं नाही. आणि आज-उद्याच धावपळ करावी असंही काही दिसत नाही, पण एमआरआय येत्या महिना-दोन महिन्यांत करून घ्या. 'त्रास झाला की बघू' हा हिशेब या आजारात फसतो, कारण उजवी जवनिका वर्षानुवर्षं मुकाट सोसते आणि दम लागायला लागतो तोवर तिची पूर्ववत होण्याची ताकद बरीचशी गेलेली असते. हे असं का होतं ते कळलं की पुढचा प्रत्येक रिपोर्ट तुम्हाला स्वतःला वाचता येईल, म्हणून जरा मुळापासून सांगते.

हृदयाचा खालचा उजवा कप्पा म्हणजे उजवी जवनिका. हल्लीच्या शाळेच्या पुस्तकांत तिला निलय म्हणतात, दवाखान्यात 'आरव्ही'. तिच्या वरचा उजवा कप्पा म्हणजे 'आरए'. डावी जवनिका आडवी कापली तर जाड भिंतीची आणि गोल दिसते. उजवी तिला चंद्रकोरीसारखी बिलगून असते. मोठ्या माणसात डावीची भिंत साधारण ८ ते १० मिमी जाड असते, उजवीची ३ ते ५ मिमी. कामच तसं वाटून दिलेलं आहे. डावीला सगळ्या अंगभर रक्त पाठवायचं म्हणून दाब १२० लागतो. उजवीला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं, तिथे २५ च्या आसपास दाब पुरतो. रक्त मात्र दोघींना दर ठोक्याला सारखंच टाकावं लागतं. उजवीचे तीन भाग असतात: वरच्या आणि खालच्या उजव्या कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेखालचा आत येण्याचा भाग, स्नायूंच्या जाड दोरखंडांनी भरलेलं टोक, आणि फुप्फुसाच्या धमनीकडे जाणारा गुळगुळीत बोळ. फॅलोच्या आजारात बिघाड असतो तो या बोळात.

फ्रान्समधल्या मार्सेच्या एत्येन-लुई आर्तूर फॅलो या डॉक्टरांनी १८८८ मध्ये हे चार दोष एकत्र मांडले, म्हणून 'टेट्रॉलॉजी'. पण चारांचं मूळ एकच आहे. दोन मोठ्या धमन्यांचे बोळ वेगळे करणारा छोटा पडदा गर्भातच आपली जागा सोडून पुढे आणि वर सरकतो. त्यामुळे फुप्फुसाकडचा बोळ अरुंद होतो. पडदा जिथे जुळायचा तिथे मोठं भोक राहतं. महाधमनी त्या भोकावर येऊन बसते. आणि अरुंद बोळातून जोर लावून लावून उजव्या जवनिकेची भिंत जाड होते. ऑक्सिजन नसलेलं रक्त भोकातून थेट महाधमनीत जातं आणि बाळ निळं पडतं.

ऑपरेशनमध्ये भोकाला पॅच लावतात आणि बोळातला वाढलेला स्नायू कापून काढतात. खरी अडचण झडपेच्या कड्याची असते. ७-८ किलोच्या बाळात फुप्फुसाच्या झडपेचं कडं १० ते ११ मिमी असायला हवं. फॅलोच्या बाळात ते कधीकधी ६ मिमीच असतं. इतक्या लहान कड्यातून रक्त जाणार नाही. ते तसंच ठेवलं तर भोक बंद केल्यावर उजव्या जवनिकेवर प्रचंड दाब येतो आणि बाळ ऑपरेशन टेबलावरून नीट उतरत नाही. म्हणून सर्जन कडं उभं चिरतो आणि चिरेवर पॅच शिवून रस्ता रुंद करतो. हाच ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच. कडं चिरलं की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, आणि धमनीत गेलेलं रक्त प्रत्येक ठोक्यानंतर मागे येतं. रिपोर्टातला 'फ्री पीआर' तो हाच.

म्हणजे तुमच्या मुलीला अडथळा आणि गळती यांतलं एक घ्यावंच लागणार होतं, आणि त्या वयात गळती घेणं बरोबर होतं. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये मिनेसोटात हृदय उघडून फॅलो पहिल्यांदा पूर्ण दुरुस्त केला. त्यानंतर कित्येक वर्षं ही गळती निरुपद्रवी समजली जात होती. मुलं गुलाबी व्हायची, पळायची, शाळेत जायची. तीच मुलं तिशी-पस्तिशीत पसरलेली उजवी जवनिका आणि बिघडलेली लय घेऊन परत यायला लागली, तेव्हा गळतीची किंमत कळली. आता सर्जन शक्य तिथे कडं वाचवतात, त्यासाठी थोडा अडथळा मागे राहिला तरी चालवून घेतात. पण कडं फारच लहान असेल तर आजही चिरावंच लागतं.

आता गळतीचा हिशेब. समजा उजवी जवनिका दर ठोक्याला १०५ मिली रक्त पुढे टाकते आणि त्यातलं ४२ टक्के, म्हणजे ४४ मिली, मागे येतं. फुप्फुसाला मिळालं ६१ मिली. शरीराला तेवढंच हवं होतं, पण त्यासाठी जवनिकेला १०५ मिलीची खेप करावी लागली. मिनिटाला ८० ठोके धरले तर साडेतीन लिटर रक्त नुसतंच पुढे-मागे होतं. दिवसाचे झाले पाच हजार लिटर, पाण्याचा एक छोटा टँकर. हे रोज, जवळजवळ बारा वर्षं.

सुरुवातीला जवनिका हे मोठी होऊन निभावते. कप्पा पसरतो, पण आकुंचनही तितकंच जोरदार असतं, म्हणून ठोक्याच्या शेवटी आत उरणारं रक्त फारसं वाढत नाही. हा टप्पा दहा-वीस वर्षं टिकू शकतो. पुढे आत उरणारं रक्त वाढायला लागतं. स्नायूत व्रणासारखे तंतू येतात. कप्पा पसरल्यामुळे ट्रायकस्पिडचं कडं ताणलं जाऊन तीही झडप गळू लागते, वरचा उजवा कप्पा फुगतो, आणि ताणलेल्या व शिवलेल्या स्नायूतून लय बिघडवणारे ठोके निघतात. मधला पडदा दोघींचा सामायिक असल्यामुळे डावीचंही काम मंदावतं.

'मग ती कबड्डी कशी खेळते?' हे तुमच्या मनात असणारच. गळती होते ती दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. पळताना ठोके वाढतात, विसावा आखूड होतो, आणि गळतीचं प्रमाण उलट कमी होतं. शिवाय जन्मापासून याच हृदयावर वाढलेल्या मुलांना आपला दम इतरांपेक्षा कमी आहे हे कळतच नाही, कारण तुलनेला दुसरं काही नसतं. म्हणून 'काही त्रास नाही' या वाक्यावर आम्ही विसंबत नाही. मोजून बघतो.

तुमचा इको रिपोर्ट

'सिव्हिअर फ्री पीआर' आता लिहिलंय, पण आधीच्या एखाद्या रिपोर्टात 'माइल्ड' असेल तर गोंधळू नका. पूर्ण उघड्या झडपेतून रक्त शांतपणे, कमी वेगाने परत येतं. कलर डॉपलरवर त्याची रंगीबेरंगी खळबळ दिसत नाही आणि स्टेथोस्कोपवरही आवाज छोटा, खालच्या सुरातला असतो. लहान मुलांच्या इकोची सवय नसेल तर मोठी गळती नजरेतून सुटते. खात्रीच्या खुणा दोन: फुप्फुसाच्या डाव्या-उजव्या फांद्यांमधूनही रक्त उलटं येताना दिसणं, आणि गळतीचा प्रेशर हाफ टाइम (गळतीमागचा दाब निम्मा व्हायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी असणं. पुढच्या इकोत फांद्यांचं माप मुद्दाम मागा. एखादी फांदी अरुंद राहिली असेल तर पुढे गेलेलं रक्त तिथे अडतं आणि गळती आणखी वाढते. फांदी फुग्याने रुंद करता येते, आणि झडपेचा निर्णय घेण्याआधी ते बघणं आवश्यक असतं.

टॅप्सी म्हणजे आकुंचनाच्या वेळी ट्रायकस्पिडचं कडं टोकाच्या दिशेने किती सरकतं ते माप. मोठ्या माणसात १७ मिमीच्या खाली गेलं तर कमी मानतात. तुमच्या मुलीचं १५ आहे, पण हृदयाचं आवरण उघडून केलेल्या कुठल्याही ऑपरेशननंतर ही लांबीतली हालचाल कमीच होते, पंपशक्ती चांगली असली तरी. त्यामुळे ऑपरेशन झालेल्या मुलीचं १५ आणि न झालेल्या मुलीचं १५ हे सारखे आकडे नाहीत. याच एका आकड्यावरून 'आरव्ही वीक आहे' असं घरी कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. तिच्या स्वतःच्या आधीच्या मापाशी तुलना केली तर मात्र तो उपयोगी आहे.

आरव्हीएसपी म्हणजे आकुंचनाच्या वेळचा उजव्या जवनिकेतला दाब. तो ३२ ही चांगली बातमी आहे. ट्रायकस्पिडमधून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग, समजा सेकंदाला २.६ मीटर, त्याचा वर्ग करून चारने गुणायचा (२७ येतात) आणि वरच्या कप्प्याचा दाब ५ मिळवायचा. ३२ म्हणजे बोळात मोठा अडथळा उरलेला नाही. इथे एक चूक वारंवार होते. हा दाब उजव्या जवनिकेचा आहे, फुप्फुसाच्या धमनीचा नाही. बोळ अरुंद असलेल्या एखाद्या मुलाचा आकडा ७० आला की रिपोर्टात 'पल्मनरी हायपरटेन्शन' छापलं जातं आणि फुप्फुसाचा दाब उतरवायची गोळी सुरू होते. प्रत्यक्षात दाब अडथळ्याच्या अलीकडे असतो, पलीकडची धमनी नॉर्मल असते. तुमच्या बाबतीत हे नाही, पण फॅलोच्या दुसऱ्या कुणा पालकांनी हे वाचलं तर त्यांनी तपासून घ्यावं.

मधल्या पडद्याकडेही बघायला सांगा. हृदय विसावताना पडदा चपटा होऊन डावी जवनिका इंग्रजी 'डी' अक्षरासारखी दिसली, तर तो रक्ताच्या जादा भाराचा परिणाम. आकुंचनाच्या वेळीही चपटाच राहिला तर उजवीत दाबही वाढलेला आहे.

इसीजी साधा आणि स्वस्त, म्हणून कमी लेखला जातो. या ऑपरेशननंतर हृदयातल्या विजेच्या मार्गाच्या उजव्या फांदीचा ब्लॉक जवळपास सगळ्यांच्या इसीजीत असतो, त्याने घाबरू नका. बघायची ती क्यूआरएसची, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या मोठ्या टोकदार लाटेची रुंदी. कागद सेकंदाला २५ मिमी वेगाने सरकत असेल तर एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. रुंदी १८० च्या पुढे, म्हणजे साडेचार चौकोनांच्या पुढे गेली, की खालच्या कप्प्यातून धोकादायक लय उठण्याची शक्यता वाढते. एकाच दिवसाच्या आकड्यापेक्षा तो वर्षागणिक वाढतोय का, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून जुने इसीजी टाकू नका. थर्मल कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात, आजच फोटो काढून ठेवा.

आणखी एक. 'आरव्ही डायलेटेड' हे आजाराचं नाव नाही. तेच शब्द वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तरी येतात. एब्स्टाइनच्या दोषात ट्रायकस्पिडच्या पाकळ्या खाली सरकलेल्या असतात आणि जवनिकेचा काही भाग वरच्या कप्प्यात जमा होतो. अ‍ॅरिद्मोजेनिक कार्डिओमायोपथीत स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरतात. हा आजार घराण्यातून येतो आणि जोरदार व्यायामाने वाढतो, म्हणून घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगावं. कधी स्नायूच्या आडव्या पट्ट्याने जवनिकेचेच दोन कप्पे होतात. केरळच्या किनारपट्टीवर पूर्वी बराच आढळणारा एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस जवनिकेचं टोकच भरून टाकतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, तेव्हा दुसऱ्याच्या रिपोर्टातलं तेच वाक्य बघून त्याला दिलेला सल्ला तुमच्या मुलीला लावू नका.

एमआरआय कसा करून घ्यायचा

उजवी जवनिका इकोच्या एका चौकटीत मावत नाही. चंद्रकोर आणि बोळ धरून तिचं घनफळ काढायचं तर एमआरआयच लागतो. तपासणीला पाऊण ते एक तास लागतो, क्ष-किरण नसतात. १० ते १५ सेकंद श्वास रोखायला पुन्हा पुन्हा सांगतात. घरी आठवडाभर तिच्याकडून हा सराव करून घ्या; १३ वर्षांच्या मुलीला मग भूल लागत नाही. छातीच्या हाडातल्या जुन्या तारांचा अडसर नसतो, पण अंगात आणखी कोणतीही धातूची वस्तू असेल तर आधी सांगा. जिथे जन्मजात हृदयदोषांचे एमआरआय नियमित होतात तिथेच जा, आणि पुढच्या वेळीही शक्यतो तिथेच. जवनिकेची सीमा पडद्यावर हाताने आखतात. झडपेजवळचा एक काप धरला की सोडला, आतले स्नायूंचे दोरखंड आत मोजले की बाहेर, एवढ्यावर घनफळ बदलतं.

चिठ्ठीवर चार गोष्टी मागितलेल्या असाव्यात: दोन्ही जवनिकांचं घनफळ आणि पंपशक्ती, मुख्य फुप्फुस धमनीतला पुढचा-मागचा प्रवाह, डाव्या-उजव्या फांदीत रक्ताची वाटणी (साधारण ४५-५५ असते), आणि हृदयाच्या धमन्या (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या, कोरोनरी) बोळासमोरून कुठे जातात ते.

घनफळ शरीराच्या पृष्ठभागाने भागलेलं असतं. उंची सेंमीत गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. तुमच्या मुलीचं १५२ × ४१ = ६२३२; भागिले ३६०० म्हणजे १.७३, वर्गमूळ १.३२ चौरस मीटर. समजा पूर्ण भरलेल्या जवनिकेचं घनफळ २०५ मिली निघालं, तर चौरस मीटरमागे १५५. आता रिसेप्शनवर कुणी वजन ४१ ऐवजी ५१ टाइप केलं, तर पृष्ठभाग १.४७ होतो आणि तीच जवनिका १४० ची ठरते. झडपेची सीमारेषा १६० च्या आसपास असताना हा फरक दोन-तीन वर्षांच्या विलंबाएवढा आहे. तपासणीच्या दिवशी उंची-वजन तिथेच मोजून घ्या आणि रिपोर्टावर तेच छापलंय का बघा.

हिशेब जुळतो का, तेही घरी तपासता येतं. भरलेली २०५, रिकामी झाल्यावर १००, म्हणजे एक खेप १०५ मिली, पंपशक्ती ५१ टक्के. गळती ४२ टक्के, म्हणजे ४४ मिली वजा, उरले ६१. ट्रायकस्पिड आणि डावीकडच्या झडपा गळत नसतील आणि पडद्याच्या पॅचला भोक उरलेलं नसेल, तर डाव्या जवनिकेची खेप ६१ च्या आसपासच यायला हवी. ती ८० आली तर मोजमापात कुठेतरी चूक आहे. रिपोर्ट परत बघायला सांगा.

झडप कधी, कोणती

निरोगी मुलीत भरलेल्या उजव्या जवनिकेचं घनफळ चौरस मीटरमागे साधारण ७० ते १०० मिली. ते १६० च्या पुढे, किंवा रिकामी झाल्यावरचं घनफळ ८० च्या पुढे जाऊ लागलं, की त्रास नसतानाही झडपेचा विचार करतात. दोन्ही आकड्यांत माझ्या मते दुसरा जास्त बोलका आहे, कारण भरलेलं घनफळ गळतीने वाढतं आणि रिकामं झाल्यावरचं स्नायू थकल्यावर. उजवी डावीच्या दुप्पट होणं, पंपशक्ती घसरत जाणं, ट्रायकस्पिडची गळती मध्यम किंवा त्याहून जास्त होणं, व्यायाम चाचणीत क्षमता उतरणं, लय बिघडणं, हेही तितकंच मोजतात. सहसा यातल्या एकाच गोष्टीवर निर्णय होत नाही. खरा दम लागत असेल तर मात्र आकड्यांची वाट बघत नाहीत.

सीमारेषा इथेच का? झडप वेळेवर बसली तर पसरलेली जवनिका बऱ्याच अंशी आटोक्यात येते. या रेषा फार ओलांडल्यावर बसवली तर गळती थांबते, पण आकार पूर्वपदावर येत नाही. मग जितक्या लवकर तितकं बरं, असंही नाही. १३ वर्षांच्या मुलीत प्राण्याच्या ऊतीची झडप मोठ्या माणसापेक्षा लवकर कडक होते. १० ते १५ वर्षांनी ती पुन्हा बदलायला लागेल असं धरून चालायचं. म्हणजे फार लवकर बसवली तर आयुष्यात एक झडप जास्त, फार उशीर केला तर जवनिका गेली. हा मधला काळ पकडण्यासाठीच मोजमाप.

धातूची झडप न झिजणारी, मग ती का नको? उजवीकडे दाब कमी, प्रवाह संथ. तिथे धातूवर गुठळी लवकर धरते. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर लागते, आणि मुलीच्या बाबतीत ती पुढे गरोदरपणात मोठी अडचण ठरते. म्हणून इथे ऊतीची झडप किंवा दान केलेल्या मानवी हृदयातली झडप वापरतात.

बसवायचे मार्ग दोन. एक, छाती पुन्हा उघडून. ट्रायकस्पिडही दुरुस्त करायची असेल, फांदी फुग्याने न जमता शस्त्रक्रियेनेच रुंद करायची असेल, तर हाच. पसरलेली जवनिका छातीच्या हाडाला आतून चिकटलेली असू शकते, म्हणून आधी सीटी स्कॅन करून अंतर बघतात. दुसरा, मांडीच्या शिरेतून तारेवरून. फिलिप बोनहोफर यांनी २००० मध्ये पॅरिसमध्ये एका १२ वर्षांच्या मुलात अशी झडप पहिल्यांदा बसवली. सुरुवातीला ती फक्त कृत्रिम नळी घातलेल्या मुलांत बसायची. पॅच लावलेला बोळ रुंद, लवचिक आणि प्रत्येक मुलात वेगळ्या आकाराचा असतो, झडप तिथे धरून राहत नाही. आता अशा बोळांसाठी स्वतः उघडून कडेला धरणाऱ्या झडपा आल्या आहेत, पण आकार जुळणं आवश्यक. ते सीटीवर ठरतं. त्याआधी एक चाचणी वगळून चालत नाही: बोळात फुगा फुगवून त्याच वेळी हृदयाच्या धमन्यांचा फोटो घेणं. धमनी दबत असेल, आणि ते सुमारे वीसातल्या एकाच्या बाबतीत होतं, तर तारेवरची झडप त्या मुलासाठी नाहीच. ही चाचणी केली का, असं तुम्ही स्पष्ट विचारा.

औषधाने ही गळती थांबत नाही. रॅमिप्रिल आणि लोसार्टान या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चाचण्या फॅलोच्या रुग्णांत झाल्या. उजवीची पंपशक्ती त्यांनी सुधारली नाही. 'हृदयाला ताकद देणाऱ्या' गोळ्यांवर पैसे आणि वर्षं घालवू नका.

रोजचं जगणं

कबड्डी. एमआरआय, २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभर लय नोंदवणारं यंत्र) आणि व्यायाम चाचणी होईपर्यंत स्पर्धेचे सामने थांबवा. चढाईत एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत पूर्ण जोर लावायचा असतो आणि संघासाठी मूल मध्येच थांबत नाही. त्या क्षणाची काळजी आहे. मैदानावर जाणं, मैत्रिणींबरोबर आपल्या दमाने खेळणं, सायकल, पोहणं हे चालू राहू द्या. चाचण्या ठीक आल्या तर खेळही परत सुरू होऊ शकतो. तिला पीटीच्या तासाला वर्गात बसवून ठेवणं हा उपाय नाही.

खेळताना किंवा बसल्याजागी छातीत अचानक वेगाने धडधड सुरू झाली आणि त्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ती बेशुद्ध पडली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. 'उन्हाने झालं असेल' म्हणून घरी थांबू नका.

ताप हा दुसरा धोक्याचा विषय, विशेषतः झडप बसवल्यानंतर. सर्दी-खोकला नाही, लघवीची तक्रार नाही, आणि ताप तीन-चार दिवस उतरत नाही, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी करून घ्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेले तीन नमुने. दोन डोस आधी पोटात गेले तर जंतू बाटलीत वाढत नाही, झडपेवरचा संसर्ग लपतो आणि आठवडे वाया जातात. जवळच्या डॉक्टरांना फाइल दाखवून हे आधीच सांगून ठेवा.

हा संसर्ग बऱ्याचदा तोंडातून येतो. दात किडू न देणं, रात्री ब्रश, सहा महिन्यांनी दाताचे डॉक्टर. आज तिच्या हृदयात बसवलेली झडप नाही आणि पॅचला गळती उरलेली नसेल तर दाताच्या कामाआधी अँटिबायोटिकची गरज नाही. नवी झडप बसल्यावर मात्र दात काढणं किंवा हिरड्यांचं काम असेल तर ३० ते ६० मिनिटं आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन, किलोमागे ५० मिग्रॅ, जास्तीत जास्त २ ग्रॅम. ४१ किलोला म्हणजे पूर्ण २ ग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर वेगळं औषध.

बोलण्यात नाकातला स्वर, लहानपणी कॅल्शियम कमी होऊन झटके, अभ्यासात मागे पडणं, असं काही असेल तर २२क्यू११ ची (बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ आहे का ते बघणारी) जनुकीय तपासणी करून घ्या. फॅलोच्या सुमारे १५ टक्के मुलांत तो दोष सापडतो. तो असेल तर तिच्या मुलांना तो जाण्याची शक्यता निम्मी असते. नसेल तर तिच्या बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता साधारण तीन टक्के. लग्नाच्या वेळी हे प्रश्न येतातच, तेव्हा उत्तर हाताशी असलेलं बरं. फॅलो दुरुस्त झालेल्या बहुतेक मुली गरोदरपण नीट पार पाडतात, फक्त आधी एमआरआय आणि इको बघून नियोजन करायचं.

पैशाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि जन्मजात हृदयदोष त्यात येतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आताच नोंद करून घ्या, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं तेही तिथेच विचारा. तिला १८ व्हायला पाच वर्षं आहेत. झडप त्या आत लागणार की नंतर, हे एमआरआयवरून बरंचसं दिसेल.

अठराव्या वर्षी बालहृदयरोग विभाग सुटतो आणि नेमकी तिथेच कितीतरी मुलं तपासणीतून गळतात. कॉलेज, नोकरी, लग्न, गाव बदलतं, आणि फाइल आईच्या कपाटात राहते. जुन्या रुग्णालयात अर्ज करून ऑपरेशनची मूळ नोंद मागवा, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. कड्याचं माप किती होतं, पॅच कशाचा आणि कुठपर्यंत, हृदयाची धमनी बोळावरून आडवी जात होती का, हे पुढच्या सर्जनला तिथूनच कळतं. ती नोंद, सगळे इसीजी, इको आणि एमआरआयच्या मूळ प्रतिमा एका पेनड्राइव्हवर आणि तिच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. दर वर्षी इको आणि इसीजी, दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय, झडप बसल्यावरही. पुढची तारीख तिला स्वतःला लिहायला द्या.